वन्संचा तीस ग्रॅमचा तुकडा

वन्सं चोरून चीज खातात, असं मी माझ्या रोजच्या वहीत तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा खोडलं. खोडलेलं अजूनही नीट वाचता येतं, कारण मी एकच रेघ मारते. संध्याकाळी देवापुढे बसून दिवसाची उजळणी करायची आणि मनात जे आलं ते लपवायचं नाही, असा माझा नेम आहे. पण वयानं आणि मानानं मोठ्या नणंदेला चोर म्हणायचं आणि ते तसंच राहू द्यायचं, एवढं माझं मन घट्ट नाही. म्हणून ती रेघ.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वय सहासष्ट. घराच्या रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चालतं. वडिलांची नजर गेली तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या आणि हे सात वर्षांचे. वडिलांनी त्यांना मशीनवर बसवलं आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसून नुसत्या आवाजावरून चुका काढल्या. "टाका ओढला गेला. उसव." असं दोन वर्षं चाललं. मग वडील गेले, स्टूल रिकामं झालं, पण वन्संच्या कानातला तो आवाज गेला नाही. आजही सरळ शिवण मारताना त्या मधेच थांबतात, डोकं वाकडं करतात आणि कोणी काही न बोलताच उसवायला घेतात.

लग्न केलं नाही. मी नवी नवी या घरात आले तेव्हा धीर करून विचारलं होतं. त्या काजं करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मापात बसणारा मिळाला नाही गं. सगळे एक तर ढगळ, नाही तर घट्ट."

धंद्यानं त्यांना एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही. गिऱ्हाईक दारात आलं आणि आपलं माप तोंडी सांगायला लागलं, की वन्सं चष्मा कपाळावर चढवतात.

"कंबर चौतीस," परवाच एक बँकेतल्या बाई म्हणाल्या.

"कधी होती?"

"अहो, आहे!"

"बरं, आहे. हात वर करा." आणि टेप गुंडाळून, "अडतीस. तुमची चूक नाही हो बाई. कमरेची बातमी डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो."

गिऱ्हाइकं चिडत नाहीत. उलट हसत परत येतात, कारण कपडा अंगावर बसतो. पण अशी पन्नास वर्षं काढली की तो स्वभाव खोलीत राहत नाही, घरभर फिरतो. दूधवाल्याचं माप, ह्यांचं वय, मी भाजीत घातलेलं मीठ, कशावरही त्यांचा पटकन विश्वास बसत नाही. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं एका घरात राहून तो स्वभाव मलाही थोडा लागला आहे.

चीज त्यांच्या आयुष्यात उशिरा आलं, साठी उलटल्यावर. आमच्या कोपऱ्यावरच्या चीजवाल्यांना पांढरे एप्रन आणि टोप्या हव्या होत्या. वन्सं माप घ्यायला दुकानात गेल्या. त्या माणसानं कौतुकानं एका जुन्या, कडक, पिवळ्या, चाकासारख्या गोल चीजमधून कपचा काढून हातावर ठेवला. वन्संनी आधी वास घेतला. मग म्हणाल्या, "हे खराब झालंय."

"दोन वर्षं झालीत त्याला, बाई. मुद्दाम ठेवलंय."

"दोन वर्षं ठेवून कोण खातं?"

"खाऊन बघा, मग विचारा."

त्यांनी खाल्लं. मला त्यांनी नंतर सांगितलं, की पहिल्यांदा खारट लागलं, मग आंबूस, मग भाजलेल्या दाण्यासारखं काहीतरी, आणि घरी येऊन पाणी प्यायल्यावरसुद्धा ते जिभेच्या मागं बसून होतं. "पाहुणा उठायला तयार नाही, आणि आपल्यालाही त्यानं उठू नये असं वाटतं, तसं," असं म्हणाल्या. गोड त्यांना कधीच आवडलं नाही, तळलेलं सोसत नाही. जन्मभरात एवढी एकच चैन केली. पण केली ती मनापासून. सकाळी ब्रेडवर, दुपारी सफरचंदाबरोबर, आणि रात्रीच्या जेवणात मिळेल त्यावर किसून. एकदा मी साध्या वरणावर किसलेलं चीज पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

गुडघा गेला तो काही चीजमुळे नाही. पन्नास वर्षं पायमशीन चालवल्यावर कोणाचा राहील? ह्यांनी दोनदा मोटार बसवून दिली. दोन्ही वेळा वन्संनी ती काढून टाकली. "ती माझ्या मनाच्या पुढे पळते. मला कापडाच्या मागून जायचं असतं." पण मागच्या हिवाळ्यात उजवा पाय पायडलवर ठेवला की त्या ओठ चावायला लागल्या. एक बाही शिवायला तीन वेळा थांबायच्या. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि ऑपरेशन सांगितलं. वर एक अट घातली.

"ब्याऐंशी किलो आहात. सत्याहत्तरवर या. तीन महिने आहेत. त्या दिवशी काटा सत्याहत्तरच्या वर असला तर मी हात लावणार नाही, आणि ही पाळी गेली की पुढची वर्षानंतर."

"आणि वर्षभर मशीन?"

"मशीन बंद."

वन्सं बाहेर आल्या आणि बाकावर बसून राहिल्या. त्यांना मी वडिलांच्या आठवणीनं रडताना पाहिलंय, पण त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. नुसता उजवा पाय जमिनीवर हळूहळू दाबत होत्या, टाच, चवडा, टाच, चवडा. वर्षभर मशीन बंद म्हणजे या बाईचं काय होईल, ते मला तेव्हा समजलं. घरात नुसत्या बसलेल्या वन्सं मी कधी पाहिल्याच नव्हत्या.

त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर आहारवाल्या बाई बसतात. त्यांनी दिवसाला चौदाशे कॅलरी असा कागद काढला. वन्संनी तो कागद शिवणीचा नमुना बघावा तसा उलटा करून, उजेडाला धरून पाहिला.

"यात चीज नाही."

"नाहीच. पाच किलो कमी करायचंय ना?"

"साखर सोडते. बटाटा सोडते. तेल तुम्ही म्हणाल तेवढं. चीज सोडणार नाही."

"अहो मावशी, चीज म्हणजे नुसती चरबी."

"मी कुठे म्हटलं डोंगर खाते? तुम्ही माप सांगा, मी मापात राहीन. माझा जन्म मापात गेलाय."

बाई हसल्या, आणि तिथे त्या फसल्या. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं. दिवसाला तीस ग्रॅम, त्याच्या एकशेवीस कॅलरी धरायच्या. चीज जुनं आणि कडकच आणायचं, कारण वास उग्र असला की थोड्यात भागतं. किसायचं नाही, वितळवायचं नाही, एकदाच बसून खायचं, सफरचंदाच्या पातळ फोडींबरोबर. आणि खाल्लेला घासन् घास लिहून ठेवायचा.

"लिहायचं काम माझं नाही," वन्सं म्हणाल्या. "आमच्या वहिनीला सांगा. ती आधीपासूनच सगळं लिहिते. आम्ही शिंकलो तरी लिहिते."

अशी माझी वही साक्षीदार झाली.

पहिला महिना सरळ गेला. चीजचा तीनशे ग्रॅमचा ठोकळा आणायचा, रोज स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तुकडा ठेवायचा, जास्त झाला तर खरवडायचा. ठोकळा बरोबर दहा दिवस पुरायचा. वन्सं दुपारी चारला खोलीचं दार लोटून घेत. चीज तासभर आधी फ्रिजमधून बाहेर काढलेलं असे, कारण गार चीजला वास नसतो, असं चीजवाल्यांनी सांगितलं होतं. सफरचंदाची फोड इतकी पातळ, की पलीकडचं दिसावं. तीवर चीजचा नखाएवढा तुकडा. मग डोळे मिटून ते तोंडात विरघळू द्यायचं. तीस ग्रॅमला अर्धा तास लावायच्या. मी एकदा सुई मागायला गेले तर हातानंच "नंतर ये" अशी खूण केली. माझ्या प्रार्थनेतसुद्धा इतकी एकाग्रता नसते, हे मी त्या दिवशी वहीत लिहिलं, आणि ते खोडलं नाही.

महिन्याच्या शेवटी काटा एकोणऐंशी पूर्णांक चार. आहारवाल्या बाईंनी वन्संच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या महिन्यात वन्संनी सुधारणा केली. काट्यावर खरवडून खरवडून तुकड्याचा भुगा होतो, खाण्यातली मजा जाते, असं त्यांचं म्हणणं. चीजवाल्यांकडे एक यंत्र आहे, ते चीजचे सारख्या जाडीचे ताव कापून देतं, मधे कागद घालून. तीनशे ग्रॅममध्ये तीन मोठे ताव. वन्संनी एकदाच त्या तावातून बरोबर तीस ग्रॅमचा तुकडा काढला, बटणांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवला, भोवती पेन्सिल फिरवली आणि पुठ्ठा कापला. नमुना तयार. "आता काट्याची भानगड नाही. हा नमुना तावावर ठेवायचा आणि कापायचं. पोलकं कापतात तसं." ब्रेडच्या अर्ध्या तुकड्याचाही नमुना केला. मला ती युक्ती इतकी आवडली, की मी वहीत चित्र काढून ठेवलं.

आणि चीज सातव्या दिवशी संपलं.

मी म्हटलं, असेल काहीतरी. पुढचे तीन ताव आणले. तेही सातव्या दिवशी संपले. वहीत मात्र रोज तीस, तीस, तीस. वन्सं खोलीतून ओरडायच्या, "लिही गं, तीस!" आणि मी लिहायची. सात त्रिक एकवीस. दोनशे दहा. मग वरचे नव्वद ग्रॅम कोणाच्या पोटात गेले?

आधी मी चीजवाल्यांवर संशय घेतला. ठोकळ्यात गडबड करता येत नाही, तावात येते. पुडी तशीच घरी आणून काट्यावर ठेवली. तीनशे दोन. माणूस दोन ग्रॅम वरच देत होता. मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

मग ह्यांच्यावर. हे छापखान्यात मुद्रितं तपासतात. जगात सगळीकडे यांना चूक दिसते, फक्त स्वतःच्या ताटात दिसत नाही.

"तुम्ही फ्रिजमधलं चीज खाता का?"

"मी? त्याला मोज्याचा वास येतो. फ्रिज उघडताना मी श्वास धरतो." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून, "कमी होतंय का? वही आण बघू." वही चाळली, आणि यांनी काय शोधावं? "अकरा तारखेला तीस हा आकडा दोनदा लिहिलायस. कोणाला पाठीशी घालतेस?"

"शाई फुटली म्हणून पुन्हा लिहिला!"

"असं सगळेच म्हणतात."

राहिलं कोण? घरात आम्ही तिघं. मी खात नाही, हे खात नाहीत. नको म्हटलं तरी बोट एकाच दारापाशी जाऊन थांबत होतं. ज्या बाईनं सगळ्या गावाच्या कमरेचं खोटं पकडलं, ती तोंडानं तीस सांगते आणि मधेच उठून फ्रिजपाशी जाते, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर यायला लागलं. दुपारी फ्रिजचं दार वाजलं की मी हातातलं काम थांबवून कान द्यायची. त्यांना हिरवी मिरची हवी असायची, पण आत काय होतंय ते मला कुठे दिसत होतं? पहिल्यांदा लिहून खोडलं ते याच आठवड्यात.

पुढचे ताव आले तेव्हा मी दात कोरायच्या काडीनं कडेला बारीक भोक पाडून ठेवलं, किती कापलं ते कळावं म्हणून. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर पुडीभोवती लाल दोरा बांधलेला, आणि वर अशी गाठ की पुन्हा तशीच बांधणं कठीण. वास बाहेर येऊ नये म्हणून ह्यांनीच बांधला असेल, असं समजून मी तो सोडला, आणि मला जमेल तसा बांधला. तिसऱ्या दिवशी दोरा निळा होता. मी वहीत लिहिलं, "दोरा निळा. का?"

दुसरा महिना संपला. दवाखान्यात काटा एकोणऐंशी पूर्णांक शून्य. महिन्याभरात चारशे ग्रॅम.

आहारवाल्या बाईंनी वही मागितली, पानं उलटली, मग आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "वजन मधेच अडतं, ते मला माहितीये. सगळ्यांचं अडतं. पण इतकं नाही. मावशी, खरं सांगा. तीसच?"

"तीसच."

"वहिनी?"

मी म्हटलं, "मी सांगितलेलं लिहिते." हे उत्तर किती वाईट आहे, ते मला तोंडातून बाहेर पडल्यावर ऐकू आलं. वन्सं माझ्याकडे वळल्या नाहीत. सरळ भिंतीवरच्या फळांच्या चित्राकडे बघत राहिल्या.

घरी परतलो. दारात पोचल्यावर वन्सं एवढंच म्हणाल्या, "महिन्यात दोन किलो. नाही झालं तर मशीनवर चादर घालून ठेव. मला दिसायला नको."

त्या आठवड्यात मी रोज देवापुढे एकच मागणं मागितलं, की मला खरं काय ते दिसू दे, आणि ते दिसल्यावर तोंड उघडायची अक्कल दे. चोर सापडला तर त्यांचं ऑपरेशन वाचेल, असं मी स्वतःला समजावत होते. पण थोडं तरी चोर पकडण्याचंच सुख हवं होतं. तेही लिहून ठेवते.

गुरुवारी पावणेचारला मी खोलीच्या दाराच्या फटीशी उभी राहिले. वन्सं कापायच्या मोठ्या टेबलापाशी होत्या. समोर स्वच्छ पांढरं कापड, त्यावर चीजचा ताव. त्यांनी पुठ्ठ्याचा नमुना तावाच्या कोपऱ्यापासून जरा आत ठेवला. डाव्या हाताची दोन बोटं वर दाबली. नखानं चारी बाजूंनी बारीक रेघ ओढली. अगदी माप बरोबर. मग सुरी घेतली आणि रेघेच्या बाहेरून, करंगळीच्या नखाएवढी जागा सोडून, सरळ कापत गेल्या. एक बाजू. वळवलं. दुसरी बाजू. तशीच जागा सोडून. हात इतका सफाईनं चालला होता, की त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. कसलंसं गुणगुणत होत्या.

मला आधी समजेना. मग समजलं, आणि मी दाराबाहेर उभ्या उभ्या "अगंबाई" म्हणाले. मोठ्यानं.

"कोण आहे? वहिनी? ये की आत. चोर धरायला आलीस ना?"

मी आत गेले. अंग चोरून.

"त्या काडीनं भोकं पाडतेस, ती दिसत नाहीत होय मला? सुईत दोरा मी अजून चष्म्याशिवाय ओवते."

"म्हणजे लाल दोरा..."

"मीच बांधला. आणि तो सोडून कोणीतरी गाठोड्यासारखी गाठ मारली, तेव्हाच माझी खात्री झाली. वहिनीबाई चीज खातात, आणि वर देवापुढे बसतात."

"मी? वन्सं, मला ते तोंडात धरवत नाही!"

"असं सगळेच म्हणतात," त्या म्हणाल्या. भावाबहिणीचं रक्त एकच. "मग कोण खातं? सात दिवसांत संपतं कसं?"

"तुम्हीच खाता."

सुरी खाली ठेवली गेली. मी घाईघाईनं म्हटलं, "चोरून नाही. माया सोडून."

"काय?"

"माया सोडता तुम्ही, वन्सं. रेघेवर कापतच नाही. बघा ना."

त्यांनी तावाकडे पाहिलं. नखाची रेघ तुकड्याच्या आत चौकोनासारखी दिसत होती आणि तिच्याभोवती चारी बाजूंनी चीजची पट्टी, अगदी एकसारखी. कपडा कापताना रेघेवर कापणारी बाई वेडी. शिवणीसाठी आत माया ठेवावी लागते, पुढे मापं वाढली तर उसवून सोडता येते. वन्संचा हात पन्नास वर्षांत एकदाही रेघेवर चालला नव्हता. तो चीजवर तरी का चालावा?

मी काटा घेऊन आले. त्यांनी स्वतः तुकडा ठेवला. चव्वेचाळीस.

वन्संनी काटा उचलला, रिकामा करून पाहिला, पुन्हा तुकडा ठेवला. चव्वेचाळीस. ब्रेडचा नमुना आणला, त्याचंही तेच. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला बघवलं नाही. चोरी पकडली असती तर त्या माझ्याशी भांडल्या असत्या. पण हाताची चूक निघाली होती, आणि त्यांच्या हाताची चूक काढणारा माणूस ते स्टूल रिकामं करून कधीच गेला होता.

"म्हणजे महिनाभर मी आहारवाल्या बाईंना खोटं सांगितलं," त्या हळूच म्हणाल्या.

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"चौतीस सांगणाऱ्या बाईलाही माहीत नसतं गं." आणि तुकडा उचलून, "तरीच म्हटलं, अलीकडे तीस ग्रॅम पोटभरीचं कसं व्हायला लागलं."

आणि आम्ही दोघी हसायला लागलो. हसता हसता मला रडूही आलं, आणि त्याच भरात खोडलेल्या तिन्ही ओळींबद्दल मी सांगून टाकलं. वन्सं म्हणाल्या, "तीनच? मी तर तुला रोज शिव्या घातल्या. लिहिल्या नाहीत एवढंच."

मी म्हटलं, "आता रेघेवर कापा."

त्यांनी करून पाहिलं. सुरी रेघेवर टेकवली तरी दोन बोटं पुढे गेल्यावर हात आपोआप बाहेर सरकायचा. तीनदा झालं. शेवटी सुरी टाकून त्यांनी कात्री घेतली आणि पुठ्ठ्याच्या नमुन्यालाच चारी बाजूंनी करंगळीच्या नखाएवढं छाटलं. "हात आता सुधारायचा नाही. नमुना सुधारू." तो पिटुकला पुठ्ठा तावावर ठेवला, सवयीनं माया सोडून कापलं, काट्यावर ठेवलं. एकतीस. जरा छाटून पुन्हा. तीस.

उरलेले तीन आठवडे कसे गेले ते आम्हालाच माहीत. चीज दहा दिवस पुरलं. संशय मात्र संपला नाही, फक्त त्यानं जागा बदलली. वन्सं घरच्या काट्यावर विश्वास ठेवेनात. त्या खरंच विश्वास ठेवत नाहीत, यावर माझा विश्वास बसेना. हे दोघींवर ठेवेनात. रोज संध्याकाळी त्या गल्लीच्या टोकापर्यंत काठी टेकत जाऊन येत, आणि परत आल्या की टेपनं स्वतःची कंबर मोजत. तोंडानं काही सांगत नसत.

ठरलेल्या दिवशी दवाखान्यात काट्यापाशी एक नर्स उभी होती. तरुण, जाडजूड, घाईत.

"चढा आजी."

"आधी तुम्ही चढा."

"मी?"

"तुमचं वजन तुम्हाला माहीत असेल ना? काटा बरोबर दाखवतो का बघू."

"माझं कशाला! तुमचं ऑपरेशन आहे का माझं?"

"किती सांगाल? तोंडी सांगा, मग चढा."

नर्सनं चढायला साफ नकार दिला, आणि त्यामुळे वन्संचा तिच्यावर विश्वास बसला असावा. त्या चढल्या. सत्याहत्तर पूर्णांक तीन.

वन्संचा उजवा पाय काट्यावरच थोडा दाबला गेला, टाच, चवडा. नर्सनं कपाळाला आठ्या घालून विचारलं, "खिशात काय आहे?"

झग्याचे खिसे वन्सं स्वतः शिवतात, आणि ते खोल असतात. आधी कात्री निघाली, मोठी, लोखंडी. मग किल्ल्या. तीन रिळं. खडू. गळ्यातला टेप. टाचण्यांची डबी. नर्स एकेक वस्तू ट्रेमध्ये ठेवत होती आणि तिच्या चेहऱ्यावर आमच्या घरातला भाव येत होता.

"अजून काय लपवलंय?"

"दात माझेच आहेत," वन्सं म्हणाल्या. "ते निघत नाहीत."

शहात्तर पूर्णांक सात.

हाडांच्या डॉक्टरांनी तारीख लिहिली. वन्संनी ती पेनानं लिहायला लावली, पेन्सिल चालणार नाही म्हणून सांगितलं. आहारवाल्या बाईही खाली आल्या होत्या. त्यांनी वहीतले शेवटचे तीन आठवडे पाहिले, हसल्या, आणि तरीही मान तिरकी करून माझ्याकडे वळल्या.

"चीज एकही दिवस चुकलेलं नाही. आणि रोज तीसच? या वेळी तरी नुसतं सांगितलेलं लिहिलं नाही ना?"

मी उजवा हात छातीवर ठेवला. "तीसच. देवाची शपथ."

पायऱ्या उतरताना वन्संनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. एक पायरी, थांबा, दुसरी पायरी. रस्त्यावर आल्यावर त्यांनी हात काढला, काठी नीट धरली आणि इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "एवढी शपथ कशाला घेतलीस गं? काल बत्तीस होतं."

मी पिशवीतून वही काढली, आणि तिथेच फुटपाथवर, उभ्या उभ्या, कालचं दुरुस्त केलं.